पंधरा वर्षांची आजी

अक्ताऊ, ३ सप्टेंबर २००८

बल्झान,

हे पत्र न्हाणीघरात कडी लावून वाच. शोमान मामाला बजावलंय की तुझ्याच हातात द्यायचं. पण तुझा मामा बंदरावर उतरल्या उतरल्या सगळ्या गोर्गानला सांगत सुटणार, की या वेळी जहाजातून गव्हाबरोबर उमसिनची गुपितंही आणलीत. काय करू, फोनवर बोलायची सोयच नाही. तिकडे तुम्ही सगळे अझेभोवती कोंडाळं करून ऐकता, आणि इकडे आई माझ्या पाठीशी उभी राहून मी काय बोलायचं ते मला सांगत असते. आजीला फोन करायचा म्हणजे आमच्या घरी मिरवणूकच असते.

आम्ही पोचलो, घर मिळालं. पत्ता म्हणजे नुसते तीन आकडे. या शहरात रस्त्यांना नावंच नाहीत, त्यामुळे कोणी विचारलं कुठे राहतेस, की मी पाढा म्हणते.

आता शाळा. पहिल्या दिवशी इथे सगळ्या मुली केसांत पांढऱ्या रिबिनीची फुलं घालून येतात. फुलं कसली, कोबीचे गड्डे. एकेका मुलीच्या डोक्यावर दोन-दोन. आणि त्या सगळ्या कोबीच्या मळ्यात मी एकटी निळा स्कार्फ बांधून उभी, तोच आपण दोघींनी बाजारातून आणलेला. फाटकात मोठ्या बाई होत्या, क्लारा बेकेतोव्ना. उंच, चष्मा साखळीला बांधलेला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डोक्याला हे काय आहे?"

मला वाटलं, केस दिसतायत. तिकडे आपल्या शाळेतल्या शिस्तीच्या बाई तसंच तर विचारायच्या. मी घाईघाईने कपाळावरची बट आत खोचली. त्या लाल झाल्या. मला वाटलं, कानापाशीही निसटली असेल, म्हणून तीही खोचली आणि स्कार्फ भुवयांपर्यंत ओढला. त्या जांभळ्या झाल्या. मागे पोरं खिदळत होती. मग त्या अगदी हळू, मला भाषा येत नाही असं समजून म्हणाल्या, "मुली, आमच्या शाळेत हे चालत नाही. हे का-ढा-य-चं."

माझा हात वर गेला, खरंच गेला. पण खाली आला तो तसाच. का ते मला त्या वेळी कळलं नाही. त्या दिवशी माझ्यासोबत बाबा होते, नवीन आलोय म्हणून त्यांनी मला आत जाऊ दिलं.

घरी आल्यावर मी स्कार्फ काढला आणि तशीच खाली पाव आणायला गेले, करून बघू म्हणून. दुकानापर्यंत अनवाणी गेल्यासारखं वाटलं. तिकडे गोर्गानला शाळेची भिंत संपली की आपण दोघी स्कार्फ एकदमच मागे ढकलायचो, आठवतं ना? तिथे तो शाळेचा होता गं. इथे पहिल्यांदा तो माझा वाटला. म्हणून मी ठरवलंय, काढायचा नाही. अजून कोणाला सांगितलं नाही, तुलाच पहिलं.

वर्गात मला "इराणी" म्हणतात. बाबांना हे सांगू नकोस. ते सगळं विकून इथे आले कारण आपल्या कझाकांच्या देशात आपल्याला कोणी वेगळं म्हणणार नाही.

तुझी
उमसिन


गोर्गान, ७ मेहर (तुझ्याकडे २८ सप्टेंबर)

उमसिन, वेडाबाई,

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मला कोणी म्हणालं असतं ना, "मुली, हे काढायचं," तर मी बूटसुद्धा काढून दिले असते. न्हाणीघरात वाचत होते. बटा आत खोचल्यास तिथे मी इतकी हसले की काकू बाहेरून दार वाजवायला लागली, तिला वाटलं मला उचकी लागली. अझेने तर आत पाण्याचा लोटा पाठवला.

इकडे आमची शाळा सुरू झाली. नवं वर्ष, नवी काळी टोपडी, हनुवटीखाली शिवलेली, मी तोंड उघडलं की ताणली जाते. शिस्तीच्या बाई फाटकात बोट घेऊन उभ्या असतात. कपाळ आणि टोपडी यांच्यामध्ये त्यांचं बोट शिरलं, तर शिस्तीचे गुण कापतात. आता माझ्याकडे इतके कमी गुण उरलेत की मी बाईंना म्हटलं, बोट जरा लहान आणा. तेही कापले.

आणि तुला इराणी म्हणतात? मला आज सकाळीच नानवाल्याने हाक मारली, "ए कझाक, रांगेत उभी राहा." तू तिकडे इराणी, मी इकडे कझाक. मग खरे कझाक राहतात तरी कुठे? शोमान मामाच्या जहाजावर बहुतेक.

एक खुशखबर. शाळेच्या व्हॉलीबॉल संघात मला घेतलं. हॉलमध्ये सगळ्या मुलीच असतात, दारं बंद, डोकी उघडी. मी उडी मारते तेव्हा केस माझ्यानंतर खाली येतात. आठवड्यातले तेवढे दोन तास माझे.

मला एक पांढरं रिबिनीचं फूल पाठव. मोठ्यात मोठं. बघायचंय.

बल्झान


अक्ताऊ, २० ऑक्टोबर

बल्झान,

फूल सोबत आहे. शोमान मामाने विचारलं यात काय, मी म्हटलं कोबी.

आता ऐक, तुझ्या बहिणीने काय पराक्रम केला. शिक्षक दिनाला पुन्हा सगळ्या मुलींनी फुलं लावायची होती. मी शाळेचा नियम नीट वाचला. डोक्याला धार्मिक काही नको. सणावारी रिबिनीची फुलं हवीत. फूल केवढं हवं, ते कुठेच नव्हतं. आईने खिडकीसाठी आणलेलं पांढरं पातळ कापड होतं. ते मी उभं फाडलं, लांबच लांब रिबीन केली, कपाळावरून, कानांवरून, मानेभोवती गोल गोल गुंडाळत नेली आणि शेवटी डोक्यावर दोन फुलं काढली. एक केस दिसत नव्हता. फाटकात क्लारा बेकेतोव्नांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे काय?"

"रिबिनीचं फूल, बाई."

"आणि हे कानांवर?"

"देठ."

त्या वेळी समुद्रावरून वारा आला. तुला इथला वारा माहीत नाही. सुटलेलं एक टोक फडफडत शेजारच्या व्यायामाच्या सरांच्या गळ्यात पडलं आणि आम्ही दोघं फाटकात एकमेकांना बांधले गेलो. सोडवायला तीन मुली लागल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवा नियम, "फूल मुठीपेक्षा मोठं नसावं." कोणाची मूठ ते लिहिलं नव्हतं. म्हणून वर्गात मुठी मोजायला लागले सगळे. वर्गातला सर्वांत जाडा मुलगा आहे, त्याला मधल्या सुट्टीत मुली घेऊन जातात आणि त्याची मूठ फुलाशेजारी धरतात. त्याचा भाव एकदम वधारलाय.

मग बाई घरीच आल्या. त्यांची समजूत अशी की बाबा मला जबरदस्ती करतात. बसल्या, चहा घेतला आणि बाबांना म्हणाल्या, "मुलीवर असं लादू नका, ती हुशार आहे, तिची भूमिती बघा." बाबांनी डोक्याला हात लावला. "बाई, मीच रोज तिच्या पाया पडतो. काढ म्हणतो. मी हिच्या शाळेसाठी देश बदलला. तुम्हीच काढून दाखवा." मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. आईने मध्येच सगळ्यांना पुन्हा चहा ओतला. मी म्हटलं, मला कोणीच सांगत नाहीये, म्हणूनच घालते. ते दोघांनाही पटलं नाही.

जाताना बाईंनी सांगितलं. वसंताच्या सुट्टीपर्यंत मुदत. तोवर डोकं उघडं, नाहीतर नाव कमी. ही धमकी नव्हती, त्या थकून बोलल्या, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. मला शाळा हवी आहे, बल्झान. इथे अक्षरं वेगळी, बोलीत अर्धे रशियन शब्द, पण त्रिकोण तोच असतो. भूमितीच्या तासाला मी कोणाहून मागे नसते. मला दोन्ही हवंय, हा माझा स्कार्फ आणि शाळाही.

उमसिन


गोर्गान, २७ आबान (१७ नोव्हेंबर)

उमसिन,

फूल मिळालं. मी ते टोपडीच्या आत घालून शाळेत गेले. डोक्यावर उंटाची मदार आली. मला वाटलं कोणाला कळणार नाही. शिस्तीच्या बाईंनी सकाळच्या रांगेत माझ्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "डोक्यात काय भरलंय तुझ्या?" मी म्हटलं, "अभ्यास." मागची रांग फुटली. ओरडा बसला, एवढंच. फूल जप्त झालं. बाईंच्या टेबलाच्या खणात आहे आता, त्या घरी जाऊन आरशासमोर लावून बघत असतील.

यापुढचं वाचून तुला राग येईल. येऊ दे. तुझं पत्र मी परत परत वाचलं. हसले तेवढीच चिडलेही. इथे मला काढता येत नाही म्हणून मी रडते, आणि तिथे तुला कोणी अडवत नाही तर तू काढत नाहीस, वर त्यासाठी शाळा घालवायला निघालीस. तुझ्या बाबांना पाया पडायला लावतेस. मला वाटतं तुला सगळ्यांनी तुझ्याकडे बघायला हवं असतं. ईदला तू मुद्दाम झगा उलटा घालून आली होतीस आणि दिवसभर सगळे तुझ्याबद्दलच बोलत होते. तसंच हे.

अझे बरी आहे. थंडी पडली.

बल्झान


अक्ताऊ, ३० जानेवारी २००९

बल्झान,

तुझं पत्र मी चुलीवर ठेवलं. मग उचललं. कडा जळाल्यात, मधलं सगळं अजून वाचता येतं, दुर्दैवाने.

झगा उलटा घातला कारण सुलट बाजूला तूच डाळिंबाचा रस सांडला होतास.

मला बघायला नकोय गं कोणी. मी शेवटच्या बाकावर कोटांच्या खुंट्यांखाली बसते. थंडीत मला सगळ्यांचे ओले कोट लागतात. जेवायच्या सुट्टीत मी एकटीच खाते, कारण माझ्याशेजारी बसलेल्या मुलीला कोणीतरी विचारलं, तूही इराणी झालीस का. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन स्कार्फ सोडला होता. दोनदा परत बांधला. तुला वाटतं तेवढं ते मजेचं नाही. पण तू माझ्याजागी असतीस आणि मी तुझ्याजागी, तर आपण दोघी सुखात असतो, एवढं मला कळतं. त्याला मी काय करू?

चौदा मार्चला अमल आहे. आपली अझे त्या दिवशी पहाटेपासून उंबऱ्यात बसते आणि सगळी गल्ली रांगेने येऊन दोन्ही हातांनी तिचे हात धरते, तोच नव्या वर्षाचा सण. इथे तो शाळेतही करतात. सगळ्यांनी कझाक पोशाखात यायचं, पाहुणे येणार, शिक्षण खात्याच्या बाई येणार. त्यानंतरच्या सोमवारी माझं नाव कमी करायचं की नाही ते ठरणार. माझ्याकडे पोशाखही नाही.

व्हॉलीबॉलचं काहीच लिहिलं नाहीस. संघात गेल्यापासून डोक्यात हवा गेली वाटतं.

उमसिन


गोर्गान, २ एस्फंद (२० फेब्रुवारी)

उमसिन,

डाळिंबाचं मान्य. बाकीचं नाही, पण जाऊ दे, तुझ्याशी भांडून माझं जेवण जात नाही आणि काकू म्हणते मी वाळले.

गाठोडं उघड. आत अझेचा जुना किमेशेक आहे, पेटीतल्या तळाचा. पांढराशुभ्र, डोकं, मान, खांदे, छाती, पाठ, सगळं झाकतो, फक्त चेहऱ्यापुरता उघडा. कझाक पोशाख हवा म्हणाल्या ना तुझ्या बाई? याहून कझाक काय असणार? तो अंगावर घाल आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहा. बघू त्याला परका कसा म्हणतात ते.

हो, माहीत आहे, तो लग्न झालेल्या बायांचा असतो, आणि असा बिननक्षीचा तर नातवंडं असलेल्यांचा. पण तिथल्यांना काय कळणार? इतकी वर्षं रशियनांच्या हाताखाली राहून ते सगळं विसरलेत. शोमान मामा सांगतो, अक्ताऊत लोक घोड्याचं मांससुद्धा काट्याने खातात. राष्ट्रीय पोशाख म्हणतील आणि टाळ्या वाजवतील. आपण इथे परक्या देशात राहूनही सगळं सांभाळलं, ते त्यांना शिकव.

अझेला विचारलेलं नाही. तिने पेटी उघडली की बघू.

बल्झान


अक्ताऊ, १७ मार्च

बल्झान, गाढवे, माझ्या डोळ्यांतल्या बाहुले,

बस. आधी बस. न्हाणीघरात असशील तर पालथ्या बादलीवर बस.

इथल्यांना सगळं कळतं. एकूण एक गोष्ट कळते. यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. तुझ्या मामाला सांग, काट्याने खाणारा एक माणूस मला आणून दाखव.

शनिवारी मी किमेशेक घातला आणि वरून आईचा लांब झगा. आईने पाहिलं आणि पाव हातातच राहिला तिच्या. म्हणाली, "अगं, ही तर सासूबाईच." मी म्हटलं, कोणाला कळणार आहे. मी शाळेच्या अंगणात शिरले. सगळीकडे शेंदरी झगे, पिसांच्या टोप्या, मध्ये मोठ्या कढईत सणाची पेज, कोझे, रटरटत होती. वाऱ्यामुळे मी जरा वाकून, हळू चालत होते. झालं. पहिलीतली चार पोरं धावत आली, दोन्ही हातांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "वर्ष लाभो, अझे."

मी काय करायचं होतं? अमलच्या दिवशी पुढे आलेले हात नाही म्हणता येतात का? मी जाड आवाज काढून म्हटलं, "तुम्हालाही लाभो, लेकरांनो." त्यांच्या मागे दुसरी. मग तिसरीतली. मग त्यांच्या आया. मग व्यायामाचे सर, जे माझ्या रिबिनीत गुंतले होते तेच, वाकून म्हणाले, "प्रकृती कशी आहे, अझे? गुडघे?" मी म्हटलं, "चालतंय, बाळा." रांगच लागली. मी चेहरा खाली घातला तर सगळ्यांना वाटलं, काय मायाळू म्हातारी आहे. आणि मग रांगेत क्लारा बेकेतोव्ना आल्या, शिक्षण खात्याच्या बाईंना घेऊन. गर्दीत त्यांनी बघितला फक्त किमेशेक. दोन्ही हात पुढे केले, मान लववली. मी धरले ते हात. गार होते आणि खडूने खरखरीत.

एवढ्यावर सुटले असते. पण कढई उघडायची वेळ आली, आणि मोठ्यांपैकी कोणी आशीर्वाद दिल्याशिवाय ती उघडत नाहीत. मान होता दोसान आजोबांचा, बंदरावरचे जुने क्रेनवाले, डोळे अधू झालेत. ते उठले, इकडेतिकडे बघितलं, आणि त्यांना एवढं एकच पांढरं दिसलं. म्हणाले, "असा किमेशेक मी आईच्या डोक्यावर बघितला होता. तो इथे असताना मी कसा तोंड उघडू? आशीर्वाद तुम्ही द्या, बाई." आणि हात पसरले. त्यांच्यामागे सगळ्या अंगणाने हात पसरले.

बल्झान, अख्खी शाळा तळवे वर करून माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं, आणि आतून अझे बोलली. ती रोज जेवणानंतर म्हणते ना, ते सगळं एका दमात बाहेर आलं. कढईचा तळ न दिसो, दाराला पाहुणा न तुटो. त्याच वेळी मी चुकून मान वर केली. क्लारा बेकेतोव्ना समोरच होत्या. त्यांनी मला ओळखलं.

पण हात खाली कसे करणार? आशीर्वाद चालू असताना हात खाली सोडले तर सगळा सांडतो, एवढं इथल्या पहिलीच्या पोरालाही ठाऊक. त्या तशाच उभ्या. चेहरा पहिल्या दिवसासारखा लाल, मग जांभळा. आणि माझ्या लक्षात आलं की जोवर मी बोलतेय तोवर त्या काहीच करू शकत नाहीत. म्हणून मी थांबलेच नाही. उंटिणींना दूध दिलं, मेंढ्यांना जुळी दिली, जहाजांना बंदर दिलं, तुझ्या मामाला गप्प बसायची बुद्धी दिली. नळाला गोडं पाणी, शाळेच्या बॉयलरला ऊब, नववीच्या वर्गाला भूमिती. शिक्षण खात्याला लांबचं दिसो. वाऱ्याला जरा दम धरवो. लोकांचे हात दुखायला लागले, कोझे उतू जाऊ लागली, दोसान आजोबा मात्र डोळे मिटून डुलत होते. शेवटी माझ्याकडचं सगळं संपलं. उरल्या फक्त बाई. मी म्हटलं, "आणि या घराच्या मोठ्या बाईंच्या दारातून एकही लेकरू परत न जावो. आमीन."

"आमीन," म्हणालं सगळं अंगण, आणि तोंडावरून हात फिरवले. बाईंनीही फिरवले. हात खाली आले तेव्हा चष्म्याची साखळी कानाला अडकली होती.

वर्गातल्या पोरांनी मला ओळखलं ते कणकेचे तळलेले गोळे, बौरसाक, खाताना, कारण अझे असून मी एका दमात सहा उचलले. दोसान आजोबांना कोणीतरी सांगितलं. मला वाटलं आता काठी बसते. ते इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. "किती वर्षांची? पंधरा? मग मी अजून पाळण्यातच आहे," म्हणाले. "घेतलेला आशीर्वाद परत करता येत नाही, पोरांनो. बॉयलर तापला तर तिचा, नाही तापला तर माझा."

काल सोमवार. मला ऑफिसात बोलावलं. बाईंनी दार लावलं आणि बराच वेळ कागद इकडचे तिकडे केले.

"शिक्षण खात्याच्या बाईंनी विचारलं, त्या आजी कोणाच्या. मी सांगितलं, आमच्या एका विद्यार्थिनीच्या. गोर्गानहून आल्यात. पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा बोलवा म्हणाल्या." चष्मा काढला. "आता मी ती विद्यार्थिनी शाळेतून काढली, तर आजी कुठून आणू?"

मी स्कार्फची गाठ घट्ट केली.

"नियम मुलींसाठी आहे," त्या म्हणाल्या. "अझेंबद्दल त्यात काही नाही. पण मलाही वर उत्तर द्यायचंय. रुमाल मागे गाठ मारून बांध, माझी आई बांधायची तसा. तो आपला, त्याला कोणी बोलणार नाही."

"मान उघडी राहते, बाई."

"राहू दे."

"वारा असतो."

"मग थंडीत गळपट्टा घाल."

"इथे वारा बारा महिने असतो."

त्यांनी खिडकीकडे बघितलं, बाहेर फाटक वाऱ्याने आपोआप उघडत-मिटत होतं. "असतो खरा," म्हणाल्या. "जा वर्गात. आणि मला पुन्हा तुझ्यापुढे मान लववायला लावू नकोस."

नाव राहिलं, बल्झान. डोक्यावर माझा रुमाल, गळ्यात माझा गळपट्टा, आणि मी वर्गात. काल भूमितीची चाचणी होती. सर यायच्या आधी सगळी नववी हात पसरून माझ्यापुढे उभी. आता मला कोणी इराणी म्हणत नाही. अझे म्हणतात. पंधराव्या वर्षी मला तेवीस नातवंडं झाली, आणि एकाच्याही नाकाला शेंबूड नाही.

तुझीच
उमसिन अझे


गोर्गान, १० फर्वर्दिन (३० मार्च)

उमसिन अझे,

दोन्ही हातांनी तुझे हात धरते. पालथ्या बादलीवरच बसले होते आणि तिच्यावरून पडले. अझेने पेटी उघडली होतीच, म्हणून तिला सगळं वाचून दाखवलं. ती आधी रागावली, मग बॉयलरपाशी हसायला लागली ती संध्याकाळपर्यंत. म्हणाली, नळाला गोडं पाणी हे माझं नाही, ते पोरीने स्वतःचं घातलं, चांगलं घातलं. किमेशेक आता तुझा. लग्न होईपर्यंत जपून ठेव म्हणाली, अंगण गोळा करायला काढू नकोस.

मी तुला एक सांगितलं नव्हतं. त्या फुलाच्या दिवशी नुसता ओरडा बसला नव्हता. मला संघातून काढलं. नोव्हेंबरापासून मी त्या हॉलमध्ये गेले नाही. बाहेर उभी राहून चेंडूचा आवाज ऐकते. म्हणून तुला तसं लिहिलं. तुझ्या फुलाने केलं असं वाटायला नको म्हणून सांगितलं नाही, आणि राग मात्र तुझ्यावरच काढला.

तुझं झालं त्याचा मला खरंच आनंद आहे. काल रात्रभर हसले आणि मग जरा रडलेही. तुझ्या डोक्यासाठी सगळी शाळा हात पसरून उभी राहिली. माझं मला उघडं ठेवायचंय म्हटलं, तर माझ्यासाठी कोण हात पसरणार? असा आशीर्वाद आपल्या अझेकडे नाही. मी मागितला. ती म्हणाली, माझ्या आईने मला तो शिकवला नाही, पोरी. तुझ्याकडे असेल तर पाठव.

बल्झान


अक्ताऊ, १२ एप्रिल

बल्झान,

माझ्याकडेही नव्हता. शोधला. भूमितीच्या वहीच्या मागे लिहून बघितला, खोडला, परत लिहिला. बाबांना विचारलं, त्यांनाही येत नव्हता, पण ते माझ्या शेजारी बसून राहिले. शेवटी आज रविवारी मी अझेचा किमेशेक काढला, घातला आणि समुद्रावर गेले, तुझ्या गोर्गानच्या बाजूच्या कठड्यापाशी. वर्गातल्या सहा जणी आणि तो मोठ्या मुठीचा मुलगा आपणहून सोबत आले. कोणासाठी ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी हात पसरले. तर तुझ्यासाठी आठ माणसांचे हात पसरले होते, हे आधी लक्षात घे.

आता दार लाव, तळवे वर कर.

तुझं डोकं तुझंच राहो. त्यावर काय असावं, काय नसावं, ते तुझ्याच हाताने ठरो. बांधशील तर गाठ तुझी असो, सोडशील तर वारा तुझा असो. कोणाचं बोट तिथे न पोचो. उडी मारशील तेव्हा केस तुझ्यानंतरच खाली येवोत, आणि दार कोणी बंद न करो. आमीन.

सगळे म्हणाले आमीन, वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही, पण म्हणाले. आता तोंडावरून हात फिरव, बल्झान.

उमसिन